घर विकताना दलाल नेमका कोणाचा? नेमणुकीआधी ठरवावयाच्या गोष्टी

नवी दिल्ली : घर विकण्याचा प्रसंग बहुतेक कुटुंबांवर आयुष्यात एक-दोनदाच येतो, दलालाचा मात्र तो नित्याचा व्यवसाय असतो. अनुभवातील या तफावतीमुळे विक्रेता दलालीच्या टक्केवारीवर घासाघीस करतो, पण हा दलाल नेमका कोणाच्या वतीने काम करणार, हा मूळ प्रश्न विचारायचा राहूनच जातो. पुढील बहुतेक वादांचे मूळ या न विचारलेल्या प्रश्नात असते.

रेराचे संरक्षण कुठवर?

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ अर्थात ‘रेरा’नुसार दलालाला नोंदणी सक्तीची आहे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. महाराष्ट्रात महारेराने २०२३ मध्ये दलालांसाठी प्रशिक्षण व परीक्षाही अनिवार्य केली. तथापि, अधिनियमाच्या कलम ९ मधील नोंदणीची अट विकासक स्वतः विकत असलेल्या, नोंदणीकृत प्रकल्पातील घरांपुरती आहे. जुन्या इमारतीतील सदनिका तिचा मालक विकतो, तेव्हा तो व्यवहार या अटीच्या कक्षेबाहेर राहतो. नोंदणी क्रमांक असलेला दलाल निवडणे हिताचेच; परंतु पुनर्विक्रीत विक्रेत्याचा खरा आधार म्हणजे दलालाशी झालेला लेखी करार आणि त्यामागे उभा असलेला भारतीय करार कायदा, १८७२.

या जुन्या कायद्याच्या दहाव्या प्रकरणात नेमणारा आणि त्याचा प्रतिनिधी यांचे नाते स्पष्ट केले आहे. कलम २१५ खाली दिलेले एक उदाहरण विक्रेत्याने अवश्य लक्षात ठेवावे. मालकाने जमीन विकण्यास सांगितली. पाहणी करताना प्रतिनिधीला तिच्यात खाण आढळली. ती गोष्ट लपवून त्याने जमीन स्वतःच विकत घेतली. असा व्यवहार मालकाला नाकारता येतो. आजच्या शहरांत त्या खाणीची जागा अनेकदा इमारतीच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव घेतो. प्रतिनिधीने गैरवर्तन केल्यास कामाच्या त्या भागाच्या मोबदल्यावर त्याचा हक्क राहत नाही, असे कलम २२० सांगते.

तीन प्रकारची नाती

पहिला प्रकार खुल्या नेमणुकीचा. मालक एकाच वेळी अनेक दलालांना घर दाखवण्याची मुभा देतो आणि ज्याच्यामार्फत व्यवहार होईल त्यालाच दलाली देतो. मोठ्या वसाहतीतील मागणी असलेल्या सदनिकेसाठी ही पद्धत सोयीची ठरते. मात्र एकाच घराच्या निरनिराळ्या किमतींच्या जाहिराती झळकू लागल्या, की मालक अडचणीत असल्याचा समज पसरतो व भाव पाडून मागितला जातो. शिवाय एकाच खरेदीदारावर दोन दलाल हक्क सांगतात. यावर उपाय सोपा आहे : घर दाखवण्यापूर्वी प्रत्येक दलालाने खरेदीदाराचे नाव लेखी संदेशाने कळवावे आणि प्रथम कळवणाराच दलालीस पात्र ठरेल, असे आधीच सांगून ठेवावे.

दुसरा प्रकार एकमेव दलालाचा. ठरावीक मुदतीसाठी एकाच दलालाकडे सर्व अधिकार असल्याने तो जाहिरात, छायाचित्रे व कागदपत्रांच्या जुळवाजुळवीवर खर्च करण्यास तयार होतो. बंगळूरु किंवा इंदूरमध्ये राहून नाशिकमधील घर विकू पाहणाऱ्या कुटुंबाला हा मार्ग अधिक सोयीचा असतो. परंतु मुदत दोन-तीन महिन्यांपेक्षा अधिक नसावी. ठरलेल्या मुदतीआधी सबळ कारणाशिवाय नेमणूक रद्द केल्यास करार कायद्याच्या कलम २०५ नुसार भरपाई द्यावी लागू शकते. मालकाने स्वतःच्या ओळखीतील खरेदीदार आणल्यास दलाली द्यावी लागेल की नाही, हेही करारात लिहिलेले असावे. अन्यथा घर शेजाऱ्याला विकूनही दलालीची मागणी उभी राहते.

तिसरा प्रकार दोन्ही बाजूंच्या दलालाचा. विक्रेता व खरेदीदार या दोघांकडूनही दलाली घेण्याची प्रथा देशात सर्रास आढळते. अशा वेळी विक्रेत्याची किमान अपेक्षित किंमत आणि खरेदीदाराची कमाल तयारी या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीला ठाऊक असतात. त्यामुळे दुसऱ्या बाजूकडून किती दलाली मिळणार, हे लेखी मागावे आणि आपली किमान किंमत दलालाला सांगू नये.

टक्केवारीमागचे गणित

दलालीचा दर कायद्याने ठरलेला नाही. साधारणपणे प्रत्येक बाजूकडून १ ते २ टक्के घेतले जातात. ८० लाखांच्या घरावर २ टक्के म्हणजे १ लाख ६० हजार रुपये. हेच घर ७५ लाखांना गेले तर विक्रेत्याचे ५ लाखांचे नुकसान होते, दलालाचे अवघे १० हजारांचे. म्हणूनच भाव वाढण्याची वाट पाहण्यापेक्षा व्यवहार लवकर उरकण्यात त्याचे हित असते. दलाल वस्तू व सेवा करासाठी नोंदणीकृत असल्यास दलालीवर १८ टक्के कर वेगळा लागतो. तो ठरलेल्या रकमेत धरला आहे का, हे विचारून घ्यावे.

‘तुमच्या हाती किती हवेत ते सांगा, वरचे माझे’ हा प्रस्ताव ऐकायला सुटसुटीत वाटतो. प्रत्यक्षात त्यामुळे खरी विक्री किंमत मालकापासून दडून राहते. खरेदीखतात मात्र पूर्ण किंमत नोंदली गेल्यास करपात्र नफ्याचा हिशेब त्याच किमतीवर होतो.

करारात काय असावे?

दलाली केव्हा देय होईल, हे सर्वांत महत्त्वाचे. वेगळा करार नसल्यास काम पूर्ण होईपर्यंत मोबदला देय होत नाही, असे कलम २१९ म्हणते. पण काम पूर्ण झाले म्हणजे खरेदीदार आणून दिला, साठेखत झाले की खरेदीखताची नोंदणी झाली? खरेदीदाराचे कर्ज नामंजूर होऊन व्यवहार मोडल्यास हाच प्रश्न वादाचे कारण होतो. अर्धी दलाली साठेखतावर व उरलेली खरेदीखताच्या नोंदणीनंतर, असे लिहून ठेवणे दोघांनाही न्याय्य ठरते.

विसाराची रक्कम दलालाकडे न देता थेट विक्रेत्याच्या बँक खात्यात जमा व्हावी. दलालाला कुलमुखत्यारपत्र देण्याचे टाळावे. केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. तरीही असे पत्र हाती असलेली व्यक्ती मालकाच्या नावाने त्याला बांधील करणारे व्यवहार करू शकते. दलालीही बँकेमार्फत देऊन पावती घ्यावी, कारण विक्रीसाठी दिलेली दलाली भांडवली नफ्यातून वजा करता येते आणि त्यासाठी पुरावा लागतो.

खरेदीदार आधीच ठरलेला असेल, तर टक्केवारीने दलाल नेमण्याऐवजी ठरावीक शुल्क देऊन वकिलाकडून कागदपत्रे करून घेणे पुरेसे असते. अन्य वेळी घराची किल्ली दलालाच्या हाती देण्यापूर्वी नात्याचा प्रकार, मुदत, दर आणि देयतेचा क्षण या चार गोष्टी एका कागदावर लिहून दोघांच्या स्वाक्षऱ्या घ्याव्यात. त्यावर स्वाक्षरी करण्यास जो दलाल टाळाटाळ करतो, त्याला किल्ली न देणेच श्रेयस्कर.