'आचारी' आणि 'मावशी': एकाच कामाचे दोन पगार ठेवू नका



समजा, हरिहरेश्वरला तुम्ही चार खोल्या आणि घरगुती खानावळ सुरू केलीत. स्वयंपाकघरात दोन माणसं ठेवलीत. तो 'आचारी', रोज ६०० रुपये. ती 'मावशी', रोज ४५०. मासळी साफ करणं, वाटण, भाकऱ्या, पर्यटकांची गर्दी झाली की उशिरापर्यंत थांबणं, सगळं दोघंही करतात.

फरक १५० रुपयांचा. महिन्याला २६ दिवस आणि सीझनचे सहा महिने धरा. २३,४०० रुपये झाले! तिच्या घरात हा मुलांच्या फीचा पैसा असतो. आणि तुमच्यासाठी ती उद्या अंगावर येऊ शकणारी थकबाकी आहे.

कायदा काय बघतो?

कायदा हुद्द्याचं नाव बघत नाही, काम बघतो. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये आला. आता हीच तरतूद वेतन संहिता २०१९ मध्ये आहे, आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. कौशल्य, मेहनत आणि जबाबदारी सारखी असेल, तर स्त्री-पुरुष म्हणून पगारात फरक करता येत नाही. भरती करतानाही नाही.

मुंबईतलं एक गाजलेलं प्रकरण सांगतो. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकॉस्टा स्टेनोग्राफर होत्या. पुरुष स्टेनोग्राफरना पगार जास्त होता. कंपनीचं म्हणणं, या 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर', यांचा वर्गच वेगळा. शिवाय युनियनशी करार झालाय, आणि कंपनीची आर्थिक स्थितीही बरी नाही. १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने यातलं काहीच मान्य केलं नाही. काम सारखं, तर पगार सारखा. मालकाला परवडतं की नाही, यावर हा कायदा अवलंबून नाही.

म्हणजे 'लेडी स्टेनोग्राफर' काय आणि 'मावशी' काय, युक्तिवाद एकच. तो तेव्हाही टिकला नाही.

"पण सर, तो सिलेंडर उचलतो!"

हा प्रश्न हमखास येतो. दिवसभराच्या कामात त्याने खरंच मोठा फरक पडतो का, ते बघा. आठवड्यातून दोनदा सिलेंडर उचलला म्हणून रोजचे १५० रुपये जास्त, हे पटणारं कारण नाही. एखाद्यावर खरेदी, हिशेब, पूर्ण किचनची जबाबदारी असेल, तर जास्त पगार जरूर द्या. पण तीच जबाबदारी बाईने घेतली तर तिलाही तोच पगार. आणि एक पळवाट आधीच बंद आहे, बरं का. बरोबरी करायची म्हणून त्याचा पगार कमी करता येत नाही. तिचा वाढवावा लागतो.

सीझनला माणसं वाढली की

एरवी तुमच्याकडे सहा जण असतील, पण दिवाळीत आणि मे महिन्यात बारा होतात. इथे १० हा आकडा लक्षात ठेवा.

• बाळंतपणाची रजा: मागच्या १२ महिन्यांत कुठल्याही एका दिवशी १० माणसं कामावर असतील, तरी मातृत्व लाभाची तरतूद लागू होते. बाळंतपणाच्या आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेल्या बाईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा. या रजेत तिला कामावरून काढता येत नाही.

• लैंगिक छळाची तक्रार: २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष महिला, निम्म्या सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. समिती नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड.

• दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते. तक्रारीची मुदत साधारण तीन महिने. रोजंदारीवरची, कंत्राटी, हंगामी बाईही यात येते.

या आठवड्यात एवढं करा

१. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे हुद्दा नको, रोज करत असलेलं काम लिहा.
२. काम सारखं आणि पगार वेगळा दिसला, तर याच महिन्यापासून सारखा करा.
३. 'फक्त मुलगे पाहिजेत' अशी पाटी असेल तर काढा. मुलाखतीत "लग्न कधी?" हा प्रश्न नको.
४. हजेरी आणि पगाराच्या नोंदीवर प्रत्येकीची सही घ्या आणि तिला प्रत द्या.

आणि नोकरी करणाऱ्या ताईंनो, तुम्हीही हजेरीची स्वतःची नोंद ठेवा. हक्क मागताना हीच वही कामाला येते.

गाव छोटं असतं. चांगला स्वयंपाक करणारी बाई कुठे टिकते आणि कुठून सोडून जाते, हे सगळ्यांना कळतं. तिच्या हातच्या मोदकासाठी पर्यटक परत येणार असतील, तर तिच्या कामाची किंमत आधी तुमच्या वहीत दिसली पाहिजे.

भेटू पुढच्या व्हिडिओत!