वजन घटविणारी शस्त्रक्रिया आणि स्त्रीचे आरोग्य

प्रस्तावना :
फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना उपचारासाठी मुंबईतील सैफी रुग्णालयात आणण्यात आले आणि बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेचे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. चर्चा मात्र किती किलो वजन घटले याचीच झाली. या शस्त्रक्रियेने स्त्रीची मासिक पाळी, जननक्षमता, लैंगिक जीवन आणि मनःस्थितीही बदलते, ही बाजू दुर्लक्षित राहिली. प्रस्तुत लेखात तिचा विचार केला आहे.

संप्रेरकांतील बदल :
चरबी हा केवळ साठा नसून संप्रेरकांवर परिणाम करणारी ऊती आहे. स्थूलतेत इन्शुलिनला शरीर नीट प्रतिसाद देत नाही. रक्तातील इन्शुलिन वाढते, लैंगिक संप्रेरकांना बांधून ठेवणारे यकृतातील प्रथिन घटते आणि मुक्त टेस्टोस्टेरॉन वाढते. परिणामी पाळी अनियमित होते, चेहऱ्यावर लव वाढते, बीजोत्सर्जन थांबते. पीसीओडी असलेल्या अनेक स्त्रियांत हेच चित्र आढळते. जठराचा आकार कमी केल्यावर किंवा अन्नमार्ग वळविल्यावर वजन व इन्शुलिन दोन्ही उतरतात. अनेकींची पाळी काही महिन्यांतच नियमित होऊ लागते.

लैंगिकता व गर्भधारणा :
अमेरिकेत १०६ स्त्रियांवर झालेल्या व २०१४ मध्ये 'जामा सर्जरी'त प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन वर्षांत वजन सुमारे एक-तृतीयांशाने घटले. त्याबरोबर संप्रेरकांची पातळी, लैंगिक इच्छा व समाधान यांतही सुधारणा आढळली.

येथेच एक धोका संभवतो. वर्षानुवर्षे 'मूल होत नाही' म्हणून बोल ऐकलेल्या स्त्रीला गर्भनिरोधकाची गरज वाटत नाही. परंतु वजन वेगाने घटत असतानाच गर्भ राहू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर किमान १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो. अन्नमार्ग वळविलेला असल्यास गर्भनिरोधक गोळ्यांचे शोषण कमी होऊ शकते. अशा वेळी तांबीसारखे साधन अधिक भरवशाचे ठरते.

मानसिक स्वास्थ्य :
आत्मविश्वास वाढतो, नैराश्य ओसरते, असा अनेकींचा अनुभव असतो. तथापि लोंबणारी त्वचा, केस गळणे, नात्यांतील बदललेली समीकरणे यांमुळे काहींची निराशा होते. स्वीडनमधील २०१८ च्या अभ्यासात या शस्त्रक्रियेनंतर नवी नाती जुळण्याचे आणि जुनी तुटण्याचे, दोन्ही प्रमाण वाढलेले आढळले. काही रुग्णांत आत्महत्येचा धोका वाढल्याचेही संशोधनात दिसते. त्यामुळे समुपदेशन हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

ग्रामीण संदर्भ :
शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होते, पण पुढचे आयुष्य चिखली तालुक्यातील अमडापूरसारख्या गावात काढावयाचे असते. लोह, कॅल्शियम, बी-१२ व ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावे लागते. रक्त वेळोवेळी तपासावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. त्यांच्या बाबतीत हा पाठपुरावा चुकणे महागात पडते.

समारोप :
शस्त्रक्रियेने जननक्षमता अनेकदा परत मिळते. मात्र शरीर गर्भासाठी सज्ज होण्यास अवधी लागतो. या अवधीची माहिती स्त्रीला, तिच्या पतीला व सासरच्यांना शस्त्रक्रियेपूर्वीच मिळावयास हवी. निर्णय मात्र तिचाच असावा. विवाहासाठी वा अपत्यासाठी इतरांनी लादलेली शस्त्रक्रिया हे आरोग्य नव्हे. महाविद्यालयातील विद्यार्थिनींशी या विषयावर संकोच न बाळगता बोलणे, हे प्राध्यापकांना सहज करता येण्याजोगे कार्य आहे.