रक्तदाबमापनात पट्ट्याचे माप

रक्तदाबमापक यंत्र घेताना आपण चोखंदळ असतो. दंडाला गुंडाळावयाच्या पट्ट्याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. (इंग्रजीत त्यास 'कफ' म्हणतात. दोषवाचक कफाशी गल्लत नको, म्हणून आम्ही 'पट्टा' हाच शब्द वापरतो.)

ही अडचण यंत्राइतकीच जुनी आहे. रिव्हा-रोची यांच्या १८९६ च्या यंत्राचा पट्टा जेमतेम पाच सेंटीमीटर रुंद होता आणि दाब वास्तवाहून अधिक भरत असे. १९०१ मध्ये फॉन रेकलिंगहाउझेन यांनी ही त्रुटी दाखवून रुंद पट्टा सुचविला. अरुंद पिशवीचा दाब खोलवरच्या धमनीपर्यंत पूर्ण पोहोचत नाही. धमनी मिटण्यासाठी अधिक हवा भरावी लागते व आकडा फुगतो. म्हणून आतील रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के व लांबी किमान ८० टक्के असावी. चरकसंहितेच्या विमानस्थानात प्रमाणपरीक्षा रुग्णाच्या स्वतःच्या अंगुलांनी करावयास सांगितली आहे. तोच न्याय येथे लागू होतो. २७ ते ३४ सेंटीमीटर घेरास नेहमीचा पट्टा पुरतो, ३५ ते ४४ ला मोठा हवा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, अतिमोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा बांधला असता वरचा दाब सरासरी सुमारे २० मिलिमीटर अधिक आढळला. कृश दंडावर नेमके उलट घडते.

अशा खोट्या आकड्यावर मेदस्वी रुग्णास सर्पगंधा सुरू झाली तर? डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ च्या लेखाने जगाचे लक्ष वेधलेली ही वनस्पती दाब खरोखर उतरविते. नसलेला दाब उतरवू गेल्यास भोवळ, मंद नाडी, प्रसंगी मनाची खिन्नताही रुग्णाच्या पदरी पडते.

पट्टा उघड्या दंडावरच बांधावा. वर सरकविलेली बाही दंडाला आवळते. स्त्रियांच्या पोलक्याच्या घट्ट बाहीबाबत संकोचापोटी हे हटकून राहून जाते. पट्ट्यावरील खूण कोपराच्या खळगीतील धमनीच्या रेषेत, खालची कड खळगीच्या दोन-तीन सेंटीमीटर वर, आणि आत दोन बोटे शिरतील इतकाच सैलपणा असावा. दंड हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा.

औषधविक्रेत्या बंधूंनी गल्ल्याशेजारी शिंप्याची टेप ठेवून यंत्र देण्यापूर्वी ग्राहकाचा दंड मोजावा. मोठा पट्टा बहुधा वेगळा मागवावा लागतो. स्वयंचलित यंत्रासाठी तो त्याच कंपनीचा, त्याच नमुन्याचा मागवावा. दुसऱ्या यंत्राचा पट्टा नळीला बसला तरी आकड्याचा भरवसा नसतो.