वहीच्या कव्हरावरची व्हॅलेंटिना

आमच्या लहानपणी नांदगाव पेठेत वह्यांना खाकी कागदाचे कव्हर घालणारी घरे थोडी. बाकीच्यांचे रद्दीवर भागे. रशियाहून येणाऱ्या मासिकांची गुळगुळीत रंगीत पाने अमरावतीच्या रद्दीवाल्याकडे किलोने मिळत आणि पावसाळाभर टिकत. एका वर्षी आमच्या गणिताच्या वहीवर युरी गागारिन आले आणि ताईच्या भूगोलाच्या वहीवर शिरस्त्राण घातलेली एक बाई.

अंतराळवीर म्हणजे काय, हे आम्हाला तोवर ठाऊक झाले होते. 3 एप्रिल 1984 रोजी राकेश शर्मा सोयुझ टी-11 यानातून गेले, तेव्हा आम्ही पाच-सहा वर्षांचे होतो. ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्या ओट्यावर सारा मोहल्ला जमला. पुढे कित्येक दिवस सायकलच्या टायरमागे पळणारा प्रत्येक पोरगा राकेश शर्माच! पण ते वायुदलाचे वैमानिक. आम्ही विमान फक्त खालून पाहिलेले. त्यांचा अभिमान वाटे, पण ते आपल्यातले वाटत नसत.

गागारिन मात्र वाटले. 12 एप्रिल 1961 रोजी 108 मिनिटांत पृथ्वीला फेरी मारून आलेल्या या पहिल्या माणसाचा बाप सुतार होता आणि तो स्वतः कारखान्यात ओतकाम शिकला होता, हे गुरुजींनी सांगितले. ते ऐकून शेजारचे मिस्त्रीकाका दोन दिवस रंधा जरा जोरातच मारत होते!

ताईच्या वहीवरची बाई म्हणजे व्हॅलेंटिना तेरेश्कोवा. बाप ट्रॅक्टरचालक, तो लढाईत गेला. आई कापड गिरणीत, आणि पुढे मुलगीही गिरणीतच. कामावरून आल्यावर ती पत्राद्वारे शिकली. सुट्टीच्या दिवशी पॅराशूटच्या उड्या मारी. त्याच उड्यांनी तिला वर नेले. व्होस्तोक यानातून बसल्या बसल्या जमिनीवर उतरण्याची सोय नव्हती. सुमारे 7 किलोमीटर उंचीवर प्रवासी बाहेर फेकला जाई आणि पुढे पॅराशूटने खाली येई. म्हणून विमान न चालवलेली ही कामगारीण निवडली गेली. 16 जून 1963 पासून जवळजवळ तीन दिवसांत तिने पृथ्वीला 48 फेऱ्या घातल्या. यानाची दिशा चुकीची लावलेली, खाली आणण्याऐवजी आणखी वर नेणारी होती. ती चूक तिनेच ओळखली आणि दुरुस्ती करवून घेतली. वरिष्ठांनी सांगितले म्हणून कित्येक वर्षे त्यावर ती बोलली नाही. (पुढच्या काळातले तिचे राजकारण आम्हाला पटत नाही, ते असो.)

आमची माय तेव्हा जिनात कामाला जाई. संध्याकाळी केसांतली रुई झटकत बसे. ताई सातवी झाली होती आणि पुढच्या हंगामापासून तिलाही जिनात न्यायचे ठरले होते. ताईने ते पान वाचून दाखवले. माय बराच वेळ चित्राकडे पाहत राहिली.

“मिलात कामाला व्हती?”

“हो.”

“अन् शिकेही?”

“रात्री. पत्रानं.”

माय काही बोलली नाही. ताई ठरल्याप्रमाणे जिनात गेलीच. घरची अडचण काही चित्राने सुटली नव्हती. पण तीन वर्षांनी माय शाळेत जाऊन 17 नंबरच्या फॉर्मची चौकशी करून आली. ताई दिवसा कपाशीच्या ढिगाशी आणि रात्री कंदिलाशी, अशी बाहेरून दहावीला बसली. गणितात नापास झाली, ऑक्टोबरला सुटली. आज ती अंगणवाडी सेविका आहे.

आता नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत कापडाचे मोठमोठे कारखाने आहेत. सकाळी ऑटोत दाटीवाटीने बसून मुली पाळीला जातात. त्यांतल्या कितीतरी दहावीच्या आधीच शाळा सोडलेल्या. 17 नंबरचा फॉर्म आता ऑनलाइन भरतात. कचेरीतून आल्यावर आम्ही यंदा तिघींचे भरून दिले. तिघींपैकी एकीने शाळा सोडल्याचा दाखला हरवला आहे. तो काढायला येत्या शनिवारी तिच्यासोबत ताई जाणार आहे.