पाकिटाच्या मागच्या बाजूचा गहू

झाडीपट्टीत गव्हाची पोळी कधी रोजची नव्हती. नागभीड, सिंदेवाही, मूलपासून आरमोरी, कुरखेड्यापर्यंत हा धानाचा मुलूख. एचएमटी तांदळाचे वाण शोधणारे दादाजी खोब्रागडे याच नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे. गहू ज्याला चालत नाही अशा सिलिअ‍ॅक रुग्णाला याहून सोयीचा प्रदेश शोधून सापडायचा नाही. पण आता रेशनचा गहू घरात आला आहे आणि गडचिरोलीच्या आडगावातल्या किराणा दुकानातही पाच-दहा रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकतात.

ग्लूटेन हे गहू, बार्ली आणि राय यांतले प्रथिन. पाचकरसांना त्याचे पुरते तुकडे करता येत नाहीत. बहुतेकांचे त्याने काही बिघडत नाही. विशिष्ट जनुके असलेल्या काही जणांची प्रतिकारशक्ती मात्र या अर्धवट तुकड्यांवर तुटून पडते आणि त्यात लहान आतड्याच्या अस्तरावरचे अंकुर झिजतात. मग खाल्लेले अंगी लागत नाही, रक्त कमी होते, मुलाची वाढ खुंटते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत हा आजार उत्तरेत शंभरात जवळपास एकाला, तर दक्षिणेत दहा हजारात सुमारे एकाला आढळला. जनुकांचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच होते. मोठा फरक होता गहू खाण्यात. आपल्याकडे रक्त कमी दिसले की आधी सिकलसेल आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण लोहाच्या गोळ्या खाऊनही रक्त वाढत नसेल, तर डॉक्टरांशी सिलिअ‍ॅकबद्दलही बोलावे.

औषध एकच, ग्लूटेन कायमचे बंद. पोळी, बिस्कीट, शेव घातलेला समोसा सोडणे त्या मानाने सोपे. फसवतात ती ‘गव्हाची नसलेली’ पाकिटे. मक्याच्या कॉर्नफ्लेक्समध्ये चवीला माल्ट असते, आणि माल्ट म्हणजे बहुधा बार्ली. नाचणीच्या बिस्किटात नाचणीपेक्षा मैदा जास्त निघतो. सोया सॉसच्या चवीच्या चिप्स असतील तर त्या सॉसमध्ये गहू असू शकतो.

सर्वांत बेमालूम लपतो तो हिंगात. बाजारातला बांधानी हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंक आणि पीठ मिसळलेले असते, आणि ते पीठ अनेकदा गव्हाचे. हिशेब करून पाहा. एक किलो पोह्यांच्या चिवड्याला दोन ग्रॅम हिंग लागला आणि त्यात निम्मा मैदा असला, तर चिवड्यात एक ग्रॅम मैदा गेला. मैद्यात दहा टक्क्यांच्या आसपास ग्लूटेन धरले, तर किलोमागे ते 100 मिलिग्रॅम झाले. ‘ग्लूटेन फ्री’ म्हणवण्याची भारतातली आणि आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे किलोमागे 20 मिलिग्रॅम. म्हणजे तांदळाचा, घरचा, निर्दोष दिसणारा चिवडा पाचपट बाहेर! हिंगाची डबी उलटून वाचा. तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो.

पाकीटबंद पदार्थावर गहू, बार्ली, राय, ओट्स यांचा उल्लेख ‘कंटेन्स’ या शब्दापुढे वेगळा करणे अन्नसुरक्षा नियमांनुसार बंधनकारक आहे. ‘मे कंटेन’ लिहिले असेल तर त्याच कारखान्यात गहूही हाताळला जातो, असे समजावे. ती ओळ नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये. नियमाला इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी पुरते, मराठीची सक्ती नाही. माडिया, गोंडी बोलणाऱ्या आईने काय वाचायचे, हा प्रश्न नियम करणाऱ्यांना सुचलेला दिसत नाही. अगदी लहान पाकिटांना तर घटकांची यादी छापण्यातूनही सूट आहे. अशा वेळी दुकानदाराकडून मोठे वेष्टन मागून त्यावर पाहावे.

आठवडी बाजारातल्या सुट्या फरसाणाला लेबलच नसते. बेसनाची शेव ज्या कढईत पडते, तिच्यात आधी शंकरपाळे तळलेले असतात, आणि तळल्याने ग्लूटेन नाहीसे होत नाही. सिलिअ‍ॅक रुग्णाने ते घेऊच नये. त्यापेक्षा मुरमुरे, फुटाणे, भाजलेले शेंगदाणे घरी आणून घरच्या स्वच्छ कढईत परतावेत.

एक सूचना आवर्जून. संशय आला म्हणून आधीच पोळी बंद करू नका. टीटीजी ही रक्ताची तपासणी गहू खाणे चालू असतानाच करायची असते; गहू सोडून काही महिने झाले, तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.