पुनरपराधाचे मोजमाप आणि धम्माची दृष्टी

एकदा शिक्षा भोगून सुटलेला मनुष्य पुन्हा गुन्हा करतो, त्यास दंडशास्त्रात पुनरपराध असे म्हणतात. असे वारंवार करणाऱ्यास व्यवहारात 'सराईत गुन्हेगार' हे नाव मिळते. ही केवळ मोजणीची बाब आहे, असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः मोजला जातो तो गुन्हा नव्हे, तर गुन्ह्याची सरकारदरबारी झालेली नोंद. गुन्हा करूनही न सापडलेला या गणनेत येत नाही आणि निव्वळ संशयावरून वारंवार पकडला जाणारा मात्र येतो. यास्तव पुनरपराधाचा कोणताही आकडा समोर आला असता तीन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

पहिला प्रश्न असा, की मोजले काय? अमेरिकेच्या न्यायखात्यातील सांख्यिकी विभागाने २००५ साली ३० राज्यांतील तुरुंगांतून सुटलेल्या ४,०४,६३८ बंद्यांचा मागोवा घेतला. पाच वर्षांत त्यांच्यापैकी ७६.६ टक्के लोकांना पुन्हा अटक झाली, ५५.४ टक्के लोकांवर पुन्हा दोष सिद्ध झाला. आणि नव्या गुन्ह्यासाठी तुरुंगवासाची शिक्षा २८.२ टक्के लोकांना झाली. माणसे तीच, काळही तोच. परंतु अटक मोजली तर तीन चतुर्थांशांहून अधिक आणि नवा तुरुंगवास मोजला तर तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. यांपैकी एकच आकडा उचलून कोणी छातीठोक विधान करू लागला, तर तो सत्याचा एकच तुकडा दाखवीत आहे हे ओळखावे.

दुसरा प्रश्न, किती काळ मोजले? त्याच वर्षी सुटलेल्यांपैकी तीन वर्षांत सुमारे ६८ टक्के, तर नऊ वर्षांत ८३ टक्के लोकांना पुन्हा अटक झाली. मात्र सुटकेनंतरच्या पहिल्या वर्षी ४४ टक्के, तर नवव्या वर्षी २४ टक्के बंद्यांना अटक झाली. याचा अर्थ असा, की पाय घसरण्याचा धोका सुटकेनंतरच्या आरंभीच्या काळात सर्वाधिक असतो. घर, रोजगार आणि आप्तांचा आधार यांची निकड नेमकी तेव्हाच असते.

तिसरा प्रश्न, कोणामध्ये मोजले? सुटलेल्या शंभरांपैकी किती परत आले, हे पाहणे निराळे. आणि आज आत असलेल्या शंभरांपैकी किती जण पूर्वी येऊन गेले, हे पाहणे निराळे. आपल्या देशातील तुरुंगविषयक सरकारी आकडेवारी दुसऱ्या प्रकारची आहे. २०२२ च्या अखेरीस देशातील सिद्धदोष बंद्यांपैकी सुमारे १.९ टक्के 'सराईत' म्हणून नोंदलेले होते. दिल्लीत हेच प्रमाण २१.५ टक्के होते. एवढ्यावरून दिल्लीचे बंदी इतरांहून अकरापट वाईट ठरत नाहीत. 'सराईत' कोणाला म्हणावे याचे कायदे आणि नियमच राज्याराज्यांत भिन्न आहेत. शिवाय त्या वर्षी तुरुंगांतील दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन न्यायाधीन, म्हणजे कच्चे कैदी होते. त्यांचा दोष सिद्ध झालेलाच नव्हता.

मोजमापाची ही चर्चा आपल्या समाजाला केवळ पुस्तकी वाटू नये. मोजणारा स्वतःच गुन्हेगार कसा निर्माण करतो, याचा दाखला आपल्याच भूमीत आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अखंड जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. १९११ साली नव्या कायद्याने ही तरतूद मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू करता येऊ लागली. नोंद झालेल्या माणसाने हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. हजेरी चुकली की तोच गुन्हा. दुसऱ्यांदा चुकली की शिक्षा अधिक कडक. चोरी न करताही मनुष्य 'पुन्हा पुन्हा गुन्हा करणारा' ठरे, आणि हीच नोंद जमातीच्या दुष्टपणाचा पुरावा म्हणून मांडली जाई. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांवरील आपल्या १९४८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अस्पृश्य व आदिवासी यांच्याबरोबर या जमातींचीही गणना केली आणि अशा वर्गांच्या अस्तित्वाचा जाब हिंदू संस्कृतीला विचारला.

हा कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांसंबंधीचे कायदे आले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा आहे. शब्द बदलला, नजर मात्र पुष्कळ ठिकाणी तीच राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निर्णय देताना तुरुंगातील जातिआधारित कामवाटप घटनाबाह्य ठरविले, बंद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढावयास सांगितले आणि कारागृह नियमावलींतील 'सराईत' या शब्दाचा मनमानी अर्थ लावण्यास प्रतिबंध केला.

धम्माची दृष्टी येथे स्पष्ट आहे. वसल सुत्तात तथागतांनी माणसाची नीचता जन्मावर नव्हे, तर कृतीवर ठरविली. जी कृतीने येते ती कृतीनेच जाऊही शकते. अंगुलिमालाची कथा आपण नेहमी सांगतो. परंतु तिचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो. भिक्षू झालेला अंगुलिमाल पिंडपातासाठी नगरात गेला असता त्याच्यावर दगड-ढेकळे पडली, डोके फुटले, चीवर फाटले. राजा प्रसेनजिताने त्याचे परिवर्तन मान्य केले होते. नगराने मात्र त्याची जुनी नोंद पुसली नव्हती. आजही सुटलेल्या माणसास काम नाकारणारा मालक आणि चोरी झाली की प्रथम त्याचेच दार ठोठावणारा शिपाई हेच करीत असतात.

दीघ निकायातील कूटदंत सुत्तात याहून मूलगामी विचार आहे. राज्यात लुटालूट माजली असता पुरोहित राजाला सांगतो, की वध, बंधन व दंड यांनी ती थांबणार नाही. जे उरतील ते पुढे उपद्रव देतीलच. शेतकऱ्यास बी-बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल, सेवकास वेतन द्यावे. शिक्षेनंतर काय घडते, यावरून शिक्षेची परीक्षा करणारा हा विचार आहे.

येथे एक सावधगिरी आम्ही आपल्या बांधवांसही सुचवितो. १९९४ साली तिहार तुरुंगात हजारांहून अधिक बंद्यांचे विपश्यना शिबिर झाले. अशा उपक्रमांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु शिबिरास स्वेच्छेने बसणारा बंदी मुळातच सुधारण्यास उत्सुक असू शकतो. तेव्हा त्याची तुलना त्याच्यासारख्याच, पण शिबिरात न बसलेल्या बंद्याशी केल्याखेरीज फळ शिबिराचे की इच्छेचे, हे कळणार नाही. कालाम सुत्ताचा वारसा सांगणाऱ्यांनी आपल्या आवडत्या निष्कर्षालाही हीच कसोटी लावली पाहिजे.

तात्पर्य, पुनरपराधाचा आकडा केवळ सुटलेल्या माणसाची परीक्षा करीत नाही. पोलीस, न्यायालय, तुरुंग आणि त्याला परत घेणारा किंवा नाकारणारा समाज या सर्वांची ती परीक्षा असते. आपल्या वस्तीत सुटून आलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत काम मिळवून देणे, कागदपत्रांस साह्य करणे आणि विहाराच्या वंदनेत त्याला आपल्या शेजारी बसविणे, एवढे कार्य प्रत्येक विहाराला करता येण्यासारखे आहे.