महिन्यातून दोनदा तरी...

गोल्फचं वेड एका फटक्यात लागतं. प्रॉब्लेम त्यानंतर सुरू होतो! मेंबरशिप नाही, वेळ नाही, रविवार तर आपला नाहीच. मग हौशी गोल्फरनं खेळायचं तरी कसं?

‘तू गोल्फ खेळतेस? म्हणजे तुम्ही क्लबचे मेंबर आहात?’

हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. ऑफिसच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर चक्क डेंटिस्टच्या खुर्चीत, तोंड उघडं असताना. उत्तर एकच. नाही हो! आमचा कोथरूडला टू बीएचके आहे, त्याचा हप्ता आहे आणि गाडीच्या डिकीत एक सेकंडहॅण्ड गोल्फ सेट आहे. मेंबरशिप नाही, आणि नजीकच्या काळात मिळेल असं काही लक्षणही नाही.

त्यात मी मूळची नाशिकची. आमच्याकडे ‘गोल्फ क्लब’ म्हणजे मैदान. पाटीवर नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की बस्स. तिथे लोक सकाळी चालायला येतात, पोरं क्रिकेट खेळतात, रणजीच्या मॅचेस होतात. गोल्फचा बॉल मात्र मी तिथे जन्मात पाहिला नाही. तो पाहिला थेट पुण्यात, नोकरी लागल्यावर. कंपनीनं क्लायंटसाठी एका शनिवारी गोल्फचा क्लास ठेवला होता आणि माणसं कमी पडत होती म्हणून आम्हाला बसमध्ये कोंबलं. चाळीस बॉलपैकी एकोणचाळीस जमिनीला खेटून सरपटत गेले. एक मात्र बरोबर बसला. ज्यांना हे माहीत नाही त्यांना सांगते, गोल्फचा बॉल क्लबच्या अगदी मधोमध लागला की हाताला काही लागल्यासारखं वाटतच नाही. बॉल आपोआप उडतो आणि आपण नुसतं बघत राहतो. झालं, मी कामातून गेले!

पुढचं वर्षभर मी किती वेळा खेळले असेन? पाच. पूर्ण वर्षात पाच वेळा! दर खेपेला सुरुवात शून्यापासून. मागच्या वेळी जमलेलं सगळं दोन महिन्यांत हातातून गेलेलं असायचं.

रविवार कुणाचा?

अठरा होलचा पूर्ण राउंड चालत खेळायला चार ते साडेचार तास लागतात. त्यात जाणं-येणं, आधीचा वॉर्म-अप, नंतरचा चहा-ऑम्लेट धरा. सकाळी सहाला घराबाहेर पडलेली बाई एकला परत येते. म्हणजे रविवारचे सात तास. आमचा मुलगा चार वर्षांचा आहे, आम्ही दोघं नोकरी करतो, आणि रविवार हा आठवड्यातला एकमेव दिवस जेव्हा तिघं एका वेळी घरात जागे असतो. ते सात तास आकाशातून पडत नाहीत. कुणीतरी ते कुणाला तरी देतं.

नवरा भांडला नाही. भांडला असता तर सोपं गेलं असतं. तो फक्त बुटाच्या नाड्या सोडत म्हणाला, ‘तू खेळ गं. पण मग मी पळू कधी?’ त्याला रनिंगचं वेड आहे, आणि त्याचा लाँग रनही रविवारीच असतो. सासूबाईंनी भाजी निवडता निवडता एवढंच विचारलं, ‘एवढ्या लांब बॉल मारायचा आणि मग तो आणायला आपणच चालत जायचं?’

या दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्याला अजूनही नाही.

मग एके रात्री आम्ही दोघं कॅलेंडर घेऊन बसलो. अगदी ऑफिसच्या रिसोर्स प्लॅनिंगसारखं. आणि तेव्हा लक्षात आलं की, ज्या शिफ्टला मी पाच वर्षं शिव्या घातल्या तीच माझ्या कामाची आहे. यूकेचा क्लायंट, दुपारी एक ते रात्री दहा. संध्याकाळ नाही, सिरियल नाही, मैत्रिणींचे वाढदिवस नाहीत. पण सकाळ? सकाळ अख्खी माझी! मुलाच्या स्कूलबसची जबाबदारी आठवड्यातून एक दिवस नवऱ्यानं घेतली. बुधवार माझा. रविवार सकाळ त्याची, दहानंतर सगळ्यांची.

अर्धा डाव, पूर्ण मजा

बुधवारी मी अठरा होल खेळत नाही, नऊच खेळते. साडेसहाला पहिला फटका, पावणेनऊपर्यंत शेवटचा पट, साडेनऊला घरी अंघोळ. आपल्याकडे नऊ होल म्हटलं की लोकांना ते चिल्लर वाटतं, जणू हाफ प्लेट बिर्याणी. असं मुळीच नाही. २०२०मध्ये जगभरासाठी एकच वर्ल्ड हॅण्डिकॅप सिस्टीम आली, त्यात नऊ होलचा स्कोअरही हॅण्डिकॅपसाठी चालतो. २०२४च्या बदलानंतर तर दुसऱ्या नऊ होलची वाटही बघावी लागत नाही. तुमच्याकडून अपेक्षित असलेला स्कोअर धरून अठराचा हिशेब लगेच होतो.

हॅण्डिकॅप म्हणजे काय, तर तुम्ही साधारण किती कच्चे आहात याचा आकडा. तो जास्तीत जास्त ५४ असू शकतो, बाईला आणि पुरुषाला सारखाच. तेवढे फटके तुम्हाला सवलतीत मिळतात, आणि त्यामुळे माझ्यासारखी नवशिकी वीस वर्षं खेळणाऱ्या माणसाशी खरीखुरी मॅच खेळू शकते. बॅडमिंटनमध्ये असं करून बघा!

आणि हो, जोडीदार नाही म्हणून घरी बसू नका. आमची चौघांची टीम होती. त्यातला एक डॅलसला गेला, एकीला जुळी झाली, तिसरा ‘पुढच्या वीकेण्डला नक्की’ असं तीन वर्षं म्हणतोय. त्याच्या नादी लागले असते तर आज हा लेख लिहीत नसते. गोल्फमध्ये एकट्या माणसाला सहज जागा मिळते, कारण तिघांच्या ग्रुपमध्ये चौथा बसतो. कोर्सवर ‘स्टार्टर’ असतो, टी-टाइमची वही सांभाळणारा. त्याच्याशी ओळख ठेवा. आदल्या दिवशी दुपारी फोन करायचा, ‘उद्या सकाळी कुठे एक जागा आहे का?’ वीकडेला बहुतेक वेळा असते. पाहुण्यांचे नियम मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळे. येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स वेगळा, बावधनचं ऑक्सफर्ड वेगळं. मुंबईकरांसाठी सिडकोनं खारघरला डोंगराच्या कुशीत कोर्स उभारला. फोनवर चार गोष्टी विचारायच्या. मेंबर नसलेल्याला कोणत्या दिवशी खेळता येतं, ग्रीन फी किती, कॅडीचे पैसे वेगळे का, आणि मेंटेनन्ससाठी कोर्स कधी बंद असतो. बऱ्याच ठिकाणी तो दिवस सोमवार असतो.

बुधवारच्या या उसन्या ग्रुपनं मला जे शिकवलं ते कुठल्याही कोचनं शिकवलं नसतं. तिघंही रिटायर्ड, त्यातले एक आर्मीतले, पंचाहत्तरीचे. बॉल मारतात जेमतेम दीडशे यार्ड, पण रेषेत. मी दोनशे मारते आणि झाडीत शिरते. नऊ होलनंतर ते कायम पुढे! पहिल्या दिवशी मी घाबरून दर फटक्याला ‘सॉरी’ म्हणत होते. तिसऱ्या होलला ते म्हणाले, ‘बेटा, वाईट खेळलीस तरी चालेल. हळू खेळू नकोस.’

हे वाक्य नवशिक्यांनी लिहून ठेवावं. मागच्या ग्रुपला आपल्यामुळे थांबावं लागेल ही धास्ती आपल्याला कोर्सपासून सगळ्यात जास्त लांब ठेवते. पैशांपेक्षाही. पण २०१९मध्ये नियमच बरेच सुटसुटीत झाले. हरवलेला बॉल शोधायला आता पाचऐवजी तीन मिनिटं. पट मारताना झेंडा काढायची सक्ती नाही. आणि स्ट्रोक प्लेमध्ये जो तयार असेल त्यानं आधी मारायचं, ‘तुम्ही लांब आहात, आधी तुम्ही’ ही लखनवी तहजीब गरजेची नाही. शिवाय मी मोजते स्टेबलफर्ड पद्धतीनं. फ्रँक स्टेबलफर्ड नावाच्या इंग्लिश डॉक्टरनं काढलेली ही पॉइंट्सची पद्धत १९३२मध्ये पहिल्यांदा स्पर्धेत वापरली गेली. एका होलवर पॉइंट मिळण्याची शक्यता संपली की बॉल उचलायचा, खिशात टाकायचा, पुढे चालायला लागायचं. एका होलवर अकरा झाले म्हणून अख्खी सकाळ नासत नाही. त्या डॉक्टरचं भलं होवो!

बॅग हलकी ठेवा. नियमानं जास्तीत जास्त चौदा क्लब नेता येतात, मी सात नेते. ड्रायव्हर घरीच असतो, कपाटाच्या वर, लग्नातल्या सूटकेसशेजारी.

कॅडीबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. आपल्याकडच्या बऱ्याच कोर्सवर कॅडी घ्यावा लागतो, आणि नवीन लोकांना ती उधळपट्टी वाटते. मला ती सगळ्यात स्वस्त शिकवणी वाटते. माझ्या कॅडीनं दोन होल बघितले आणि म्हणाला, ‘मॅडम, बॉल कुठे गेला ते मी बघतो. तुम्ही फक्त बॉल बघा.’ माझं डोकं फार लवकर वर उठत होतं. कोचनं तीन तास घेतले असते! या लोकांमध्ये केवढा खेळ भरलेला असतो हे चेंबूरला जाऊन बघावं. तिथल्या प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबजवळच्या वस्तीत कॅडींनी आणि पोरांनी लोखंडी सळया वाकवून क्लब बनवले, प्लास्टिकचे बॉल घेतले आणि गल्लीबोळात, गटारावरून, पत्र्यांवरून गोल्फ खेळले. आपण ‘वेळ नाही, कोर्स लांब’ म्हणत बसतो.

सतरंजीवरचं ग्रीन

उरलेले सहा दिवस काय? पार ७२च्या कोर्सचा हिशेब बघा. प्रत्येक ग्रीनवर दोन पट धरलेले असतात, म्हणजे बहात्तरपैकी छत्तीस फटके नुसते ढकलायचे! आणि ढकलायला कोर्स कशाला? मी हॉलमध्ये सतरंजी अंथरते, पलीकडे स्टीलचा पेला आडवा ठेवते. गोल्फच्या होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो, पेला त्याहून बराच लहान. रोज पेल्याची सवय झाली की बुधवारचा होल पातेल्याएवढा वाटतो. रात्री कॉल संपल्यावर दहा मिनिटं. मुलगा जागा असला तर फील्डिंग करतो. सासूबाई सोफ्यावरून निकाल देतात, ‘डावीकडे गेला.’ खेळाला नावं ठेवणं त्यांनी थांबवलंय. आता त्या माझ्या पटिंगला नावं ठेवतात.

ड्रायव्हिंग रेंज महिन्यातून दोनदा, एका वेळी पन्नास बॉल. त्यातले तीस वेजनं, छोटे. धाडधाड शंभर ड्राइव्ह मारून घाम गाळणारे खूप दिसतात, पण तो जिम झाला. सिम्युलेटर पावसाळ्यापुरता ठीक. हिरवळीवर चालायला मिळत नाही, तर त्यात अर्धा खेळ गेला असं माझं मत. पुण्याच्या जून-जुलैमध्ये मात्र खरोखर पर्याय नसतो. बॉल चिखलात रुततो (दंडाशिवाय काढता येतो, घाबरू नका) आणि विजा चमकायला लागल्या की सरळ आत यायचं. हातात धातूची काठी घेऊन उघड्या माळावर उभं राहायचं नसतं.

पैशांचं म्हणाल तर मी महिन्याला पाच हजार बाजूला काढते. तेवढेच त्याच्या रनिंगला, बूट आणि रेसच्या फीसकट. यावर चर्चा होत नाही, ईएमआयवर होते तेवढीच.

ऑगस्ट २०२१मध्ये टोकियो ऑलिम्पिकला अदिती अशोकचं ब्राँझ एका फटक्यानं हुकलं, ती चौथी आली. त्या शनिवारी सकाळी अर्ध्या भारतानं पहिल्यांदा गोल्फ बघितलं असेल. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर ‘बर्डी म्हणजे काय गं?’ असे मेसेज येत होते. संध्याकाळी नीरज चोप्राचं गोल्ड आलं आणि सगळे भाल्याकडे वळले. त्या मेसेजवाल्यांपैकी दोघी नंतर माझ्याबरोबर रेंजवर आल्या. एक टिकली.

सध्याची खबर अशी की नोव्हेंबरपासून आमच्या प्रोजेक्टची शिफ्ट बदलतेय. सकाळी नऊ ते सहा. सगळं ऑफिस खूश, मी सोडून! बुधवार गेला. कॅलेंडर पुन्हा टेबलावर आलंय आणि या वेळी बोलणी कडक आहेत, कारण त्याची डिसेंबरमध्ये हाफ मॅरेथॉन आहे. तोपर्यंत वीकेण्डच्या सगळ्या सकाळी त्याच्या. नंतर एकाआड एक शनिवार माझा, नऊ होल, साडेनऊला घरी. सासूबाईंनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनानं खुणा केल्यात, आणि पहिल्या शनिवारच्या चौकोनात लिहिलंय, ‘सून नाही. इडली उशिरा.’